उपनगरी पट्टाशास्त्री

घाटकोपर ते मुलुंड आणि अंधेरी ते बोरिवली या टापूंतील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आवारात आवरणाखाली झाकलेली एखादी जुनी गाडी आणि रविवारी सकाळी ते आवरण उचलून तिच्याभोवती घुटमळणारा एक पन्नाशीचा गृहस्थ हमखास आढळतो. या गृहस्थास पट्टाशास्त्री म्हणावे. त्याची गाडी पुष्कळदा २००१ साली भारतात आलेली फियाट पालिओ १.६ असते. तिला मागे दोन दारे आणि सहकुटुंब बसण्याची सोय असली, तरी १,५९६ घन सेंटिमीटरचे, सोळा झडपांचे आणि शंभर अश्वशक्तीचे इंजिन असल्यामुळे ती स्पोर्ट्स कारच होय, असे त्याचे ठाम मत असून त्यावर शंका घेणाऱ्याशी तो लिफ्टमध्येही बोलत नाही. पालिओची जाहिरात सचिन तेंडुलकर करत असे, त्याच सचिनला फियाटने २००२ साली मायकेल शूमाकरच्या हस्ते फेरारी ३६० मोडेना भेट दिली, आणि फेरारी त्या काळी फियाटच्याच ताब्यात होती. या तीन निर्विवाद गोष्टींवरून तो आपली गाडी फेरारीची चुलत बहीण असल्याचे सिद्ध करतो. शिवाय पालिओचा जन्म कुर्ल्याच्या कारखान्यातला, त्यामुळे शेजारच्या घाटकोपरचा पट्टाशास्त्री तिच्याविषयी माहेरच्या माणसाच्या अधिकाराने बोलतो.

त्याच्या व्यासंगाचा विषय एकच, तो म्हणजे टायमिंग बेल्ट. दट्ट्यांच्या वरखाली होण्याने फिरणारा दांडा म्हणजे क्रँकशाफ्ट आणि झडपांची उघडझाप करणारा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट; पहिल्याच्या दोन फेऱ्यांत दुसऱ्याची नेमकी एक फेरी व्हावी, म्हणून या दोघांना जोडणारा दातेरी रबरी पट्टा म्हणजे टायमिंग बेल्ट होय. पुष्कळ इंजिनांत झडपा आणि दट्टे एकाच जागेत आळीपाळीने येऊन जातात, त्यामुळे पट्टा तुटताच दोघांची गाठ पडते, झडपा वाकतात आणि काही हजारांचे काम बघताबघता गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागते. वडिलांच्या पद्मिनीला, जी कुर्ल्याच्याच कारखान्यातली होती, पट्ट्याऐवजी साखळी असल्यामुळे मागच्या पिढीला ही चिंता नव्हती, हेही तो श्रोत्यास, श्रोत्याची लोकल चुकत असली तरी, ऐकवतो.

पट्टा किती वर्षांनी बदलावा, या प्रश्नावर त्याचे सिद्धान्त कडक आहेत. ३६० मोडेनाचा पट्टा साधारणपणे दर तीन वर्षांनी बदलतात आणि २००४ साली आलेल्या तिच्या वारसदाराला फेरारीने साखळीच बसवली, हे दाखले देऊन तो संस्थेच्या सचिवाला त्याच्या मारुतीचा पट्टा बदलायला लावतो आणि पट्ट्याबरोबर टेन्शनर, म्हणजे पट्टा ताणून धरणारी फिरकी, आणि वॉटर पंपही बदलून घेण्याची तंबी देतो. स्वतःच्या गाडीविषयी मात्र तो वेगळ्या शास्त्राचा अवलंब करतो. उत्पादकांच्या पुस्तिकांत किलोमीटर आणि वर्षे अशा दोन मर्यादा असतात व त्यांपैकी जी आधी येईल ती पाळायची असते, कारण रबर न वापरताही सुकते व त्याला भेगा पडतात. पट्टाशास्त्री मात्र जी नंतर येईल तीच खरी धरतो. त्याची गाडी आठवड्यातून एकदा आरे कॉलनीपर्यंत जाऊन येत असल्यामुळे, या हिशेबाने पट्ट्याचे आयुष्य त्याच्या निवृत्तीपर्यंत सहज पुरते.

त्यातही एक खोट आहे. साकीनाक्याच्या सिग्नलला गाडी उभी असताना किलोमीटरचा काटा हलत नाही, पण मिनिटाला आठशे फेऱ्या घेणारे इंजिन तासाभरात अठ्ठेचाळीस हजार फेऱ्या पुऱ्या करते. मोकळ्या रस्त्यावर ताशी साठच्या वेगाने दर किलोमीटरला सुमारे दोन हजार फेऱ्या होतात असे धरले, तर तो तास पट्ट्याच्या लेखी चोवीस किलोमीटरचा प्रवास ठरतो. हा हिशेब पट्टाशास्त्र्यानेच मांडलेला असून तो केवळ सचिवाच्या मारुतीला लागू आहे.

त्याच्यावर कंजूषपणाचा आरोप करणे मात्र अन्यायाचे ठरेल, कारण कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून त्याने नवा पट्टा केव्हाच आणलेला असतो. तो कपाटात इतकी वर्षे राहिला आहे, की रबराच्या वयाचा त्याचाच नियम त्यालाही लागू होतो. म्हणून आधी या पट्ट्याच्या जागी दुसरा आणावा आणि मग तो बसवावा, असा बेत दर दिवाळीला ठरतो. मेकॅनिक बिचारा, “साहेब, बेल्ट सांगून तुटत नाही,” एवढेच म्हणतो, आणि हे वाक्य पट्टाशास्त्री पुढच्या रविवारी स्वतःचे म्हणून सचिवाला ऐकवतो.

जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला तो एक सल्ला विनामूल्य देतो, आणि तो बिनचूक आहे: पट्टा शेवटचा केव्हा बदलला हे ठाऊक नसेल, तर तो आजच बदलावा. हा नियम त्याला स्वतःला लागू होत नाही, कारण त्याच्या गाडीचा पट्टा शेवटचा केव्हा बदलला, हे त्याला वार, तिथी आणि गॅरेजच्या पावतीसकट पाठ आहे.