नानांची हार्ड डिस्क चालू करण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

१. जुना संगणक उघडण्याआधी त्याच्या मालकाला घराबाहेर काढावे. आमच्याकडे नाना बॅटरी घेऊन मागे उभे राहतात आणि स्क्रू सोडून सगळीकडे उजेड पाडतात. 'परवापर्यंत चालू होता,' असे त्यांचे म्हणणे. नानांचा परवा पेन्टियम थ्रीच्या काळातला आहे. त्यांना आयडीई-यूएसबी अडॅप्टर आणायला तपकीर गल्लीत धाडावे. ते भाव करत बसतात, तेवढीच शांतता.

२. धूळ ब्रशने झाडावी. फुंकर मारू नये, थुंकी उडते.

३. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदलावा. हा ३ व्होल्टचा सेल मेला की यंत्र तारखेसकट डिस्कच्या नोंदीही विसरते. नवा घालून बायोसमध्ये डिस्क 'ऑटो'वर ठेवावी. 'नवा कशाला? वजनकाट्यातला काढ,' असे नाना म्हणतील. ऐकू नये.

४. ४० पिनांची चपटी केबल जोडताना लाल कड पहिल्या पिनेकडे हवी. बहुतेक डिस्कांवर ती वीजजोडणीच्या बाजूला असते. एकाच केबलवर दोन ड्राइव्ह असतील, तर जंपर लावून एकाला मास्टर आणि दुसऱ्याला स्लेव्ह करावे. दोघेही मास्टर झाले की काम ठप्प, सोसायटीच्या कमिटीसारखे. जंपर चिमट्याने काढावा. हातातून निसटला की तो थेट कपाटाखाली जातो.

५. फ्लॉपी ड्राइव्हचा दिवा विझतच नसेल, तर केबल उलटी लागली आहे. बुरशी धरलेली फ्लॉपी आत घालू नये, मग तिच्यावर नानांनी 'अतिमहत्त्वाचे' लिहिलेले का असेना.

६. डिस्क टकटक करू लागली की ताबडतोब वीज बंद. 'फ्रीझरमध्ये ठेवून बघा,' म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावावे. बाहेर काढल्यावर डिस्कवर दव धरते आणि उरलीसुरली आशाही जाते.

७. डिस्क फिरू लागली की गंमत बघत बसू नये. आधी सगळ्याची नक्कल घ्यावी. फाइलींत मराठीऐवजी भलत्याच खुणा दिसतील. तो युनिकोडच्या आधीचा फॉन्ट. बहुधा त्याच डिस्कवर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरात सापडतो. तो नव्या संगणकात टाकला आणि ताईच्या लग्नाची आमंत्रितांची यादी उघडली. प्रत्येक नावापुढे नानांचा शेरा: 'येतील', 'येणार नाहीत', 'न आले तर बरे'. हे सगळे त्यांनी एका बोटाने टाइप केलेले. या टप्प्यावर नानांना खुर्ची द्यावी. यादी संपेपर्यंत ते उठत नाहीत आणि कोण जेवून आहेर न देता गेला, हे त्यांना अजून पाठ आहे.

८. नकला दोन ठेवाव्यात, पण दुसरीचा पत्ता नानांना लागू देऊ नये. दुधाच्या पिशव्या धुऊन जपणारा हा माणूस एकच फाइल दोनदा दिसली, की 'उगाच जागा अडते' म्हणून दोन्ही पुसतो.