परीक्षक क्रमांक दोन

अर्थशास्त्राचा शोधनिबंध नामांकित नियतकालिकात छापून येईपर्यंत लेखकाचे केस पिकतात. तीन-चार वर्षं आकडे गोळा करायचे, मग ते आकडे खरे आहेत हे पटवायला आणखी आकडे गोळा करायचे. त्यानंतर निबंध निनावी परीक्षकांकडे जातो. पहिला परीक्षक म्हणतो, छान आहे, तक्ते वाढवा. दुसरा परीक्षक जगभरच्या विद्यापीठांत कुप्रसिद्ध आहे. तो म्हणतो, ह्यात नवीन काय?

आपल्याकडे हा दुसरा परीक्षक गावोगाव फुकट मिळतो. सरकार, सत्ता आणि पैसा ह्यांच्यावरचा कुठलाही निष्कर्ष त्याला सांगा, तंबाखू मळता मळता तो म्हणेल, "हे तर आम्हाला माहीतच होतं." 2024 चं अर्थशास्त्राचं नोबेल असेमोग्लू, जॉन्सन आणि रॉबिन्सन ह्या तिघांना मिळालं. मूठभरांनी बाकीच्यांना पिळून काढायची व्यवस्था जिथे बसवली, तो देश पुढेही गरीब राहतो, हे त्यांनी वसाहतींच्या इतिहासातून दाखवलं. गावचा पार म्हणाला, माहीतच होतं. ह्यासाठी स्टॉकहोमला कशाला जायचं, शेजारच्या आळीत जा.

तेव्हा आमची एक नम्र सूचना आहे. भारतावरचे निबंध परीक्षणासाठी बोस्टनला आणि शिकागोला न धाडता, ज्यांच्याविषयी ते लिहिलेत त्यांच्याकडेच धाडावेत. नमुन्यादाखल हे काम आम्हीच करून पाहिलं. खाली दिलेले निबंध खरे आहेत. परीक्षक आम्ही नेमलेले, म्हणजे कल्पित आहेत. पण कुणालाही ते ओळखीचे वाटले तर त्याला आमचा इलाज नाही.

पहिला गठ्ठा साखरेचा. परीक्षक, कारखान्याचा निवृत्त चिटबॉय, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारा. त्याच्या हातात 2001 सालचा एक निबंध ठेवला: अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवान मुन्शी आणि देबराज रे ह्यांचा, विषय महाराष्ट्रातले सहकारी साखर कारखाने. त्यातलं कोडं असं की कारखाना लहानमोठ्या सगळ्या सभासदांना टनाला एकच भाव देतो. मग संचालक मंडळावर बसलेल्या बड्या बागायतदाराला जादा काय मिळणार? उत्तर सोपं आहे. भावच कमी द्यायचा, म्हणजे शिल्लक कारखान्यात राहते, आणि कारखान्यात राहिलेल्या शिलकीला टनाचा हिशेब लागू नसतो. हे सांगायला लेखकांना बरंच बीजगणित लागलं. चिटबॉयने समासात लिहिलं: "बीजगणित बरोबर असावं. मला एवढंच माहीत आहे की शिलकीतून इंजिनिअरिंग कॉलेज उभं राहिलं आणि माझ्या पोराला त्यात डोनेशन भरावं लागलं."

दुसरा निबंध संदीप सुखटणकर ह्यांचा, 2012 चा. राज्यातले 183 कारखाने आणि 1993 ते 2005 चे उसाचे भाव. ज्या कारखान्याच्या चेअरमनचं राजकारण आमदारकी-खासदारकीपर्यंत पोचलेलं आहे, तिथे निवडणुकीच्या वर्षी शेतकऱ्याला भाव कमी मिळतो, असं त्यात दिसतं. म्हणजे प्रचाराच्या जीपमध्ये डिझेल कुणाचं, हे उसाच्या बिलावरून कळतं. पुढचं निरीक्षण त्याहून मजेदार आहे. साहेब निवडून आले की पुढे भावात थोडी परतफेड होत असावी, म्हणून बहुधा शेतकरी हे खपवून घेत असावेत, असं लेखक म्हणतो.

ह्यावर चिटबॉयने पद्धतीविषयीच हरकत घेतली. लेखकाने विधानसभा आणि लोकसभाच धरली आहे. जिल्हा परिषद, बाजार समिती, दूध संघ, जिल्हा बँक आणि खुद्द कारखाना ह्यांच्या निवडणुका धरल्या, तर बिननिवडणुकीचं वर्ष शोधून सापडणार नाही. मग तुलना कशाशी करणार? परतफेडीबद्दल शेरा: "ह्याला आमच्याकडे दिवाळीचा हप्ता म्हणतात. आपलेच पैसे परत मिळाले म्हणून आपण हार घालतो."

जाता जाता एक आठवण. प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले चेअरमन होते धनंजयराव गाडगीळ, पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थशास्त्रज्ञ. विठ्ठलराव विखे पाटलांनी त्यांना हट्टाने त्या खुर्चीत बसवलं होतं. एके काळी अर्थतज्ज्ञ चेअरमन व्हायचे. आता चेअरमन हा अर्थतज्ज्ञांच्या संशोधनाचा विषय झाला आहे.

तिसरा निबंध मात्र आम्ही थेट पारावर वाचून दाखवला, आणि तिथे घोटाळा झाला. सिवान अँडरसन, पॅट्रिक फ्रँकोइस आणि अशोक कोटवाल ह्यांनी महाराष्ट्रातली 300 गावं पाहून 2015 मध्ये लिहिलं, की जिथे जमिनीवर मराठा बागायतदारांची पकड आहे तिथे ग्रामपंचायतीच्या निवडणुका अगदी रीतसर होतात, मतं खुल्या मनाने पडतात, आणि तरीही गरिबांसाठीच्या सरकारी योजना गावात नीट पोचत नाहीत. वर ह्याच गावांमध्ये लोकांचा एकमेकांवरचा विश्वास जास्त आढळतो. अडीनडीला धान्य, उसनवार आणि रोजगार ज्याच्या वाड्यातून मिळतो, त्याला दुखवून रोजगार हमीचं काम कोण मागणार? आणि रोजगार हमीचं काम निघालं तर वाड्यावरच्या शेतात स्वस्तात कोण राबणार? वाचून झालं. आम्ही "माहीतच होतं"ची वाट पाहत थांबलो. पारावर कुणी बोलेना. शेवटी एक जण म्हणाला, "लेखक बाहेरचे दिसतात."

तिथेच आम्हाला कळलं की "माहीतच होतं" हे परीक्षण नसून पोलीस बंदोबस्त आहे. ज्याचा आकडा होत नाही तेवढंच आपल्याला माहीत असतं. आकडा झाला, त्यात आपल्या गावाचा रकाना निघाला, की आपण लेखकाचं मूळ गाव विचारतो.

आता उदयपूर. ह्या निबंधावर आमचा विशेष लोभ आहे, कारण ह्यातला खरा नायक शेवटपर्यंत दिसतच नाही. राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यात आधी पाहणी झाली, तेव्हा आरोग्य उपकेंद्रांतले 45 टक्के कर्मचारी गैरहजर होते आणि निम्म्याहून जास्त वेळा दाराला कुलूप होतं. तिथेच सेवा मंदिर नावाची स्वयंसेवी संस्था आहे. तिच्या एकशिक्षकी शाळांमध्ये एस्थर दुफ्लो आणि मंडळींनी एक प्रयोग केला होता. गुरुजींना कॅमेरा दिला, त्यावर तारीख-वेळ उमटायची. सकाळी एक आणि सुटताना एक असा मुलांसोबत फोटो काढायचा, फोटो किती दिवसांचे आहेत त्यावर पगार ठरायचा. गैरहजेरी 42 टक्क्यांवरून 21 वर आली. सगळे खूश झाले. मग कुणाला तरी वाटलं, हेच सरकारी नर्सबाईंना लावून पाहू.

लावलं. उपकेंद्रात तारीख-वेळ छापणारं यंत्र बसवलं, नर्सबाईंनी दिवसातून तीनदा शिक्का मारायचा, निम्म्याहून जास्त दिवस गायब असतील तर पगार कापायचा, मोजणी संस्थेने करायची, शिक्षा आरोग्य खात्याने द्यायची. पहिल्या सहा महिन्यांत हजेरी जवळजवळ दुप्पट झाली. नोबेलची तयारी सुरू करायला हरकत नव्हती. सोळा महिन्यांनी पुन्हा पाहिलं, तर यंत्र असलेल्या आणि नसलेल्या उपकेंद्रांत काडीचा फरक नाही. काय झालं? यंत्र मोडलं? काही मोडलीही. पण मुख्य शोध खात्यातच लागला होता. त्याचं नाव सूट. अमुक दिवशी नर्सबाईंना इतर काम होतं, सबब त्या दिवसाच्या हजेरीतून सूट. विनापरवाना गैरहजेरी खरोखरच घटली. परवाना वाढला.

निबंधाचं नाव लेखकांनी "शवाला बँड-एड" अशा अर्थाचं ठेवलं, 2008 मध्ये तो छापूनही आला. आम्ही तो कल्पित बडे बाबूंकडे पाठवला. त्यांचं परीक्षण अगदी टापटीप आलं, दोन्ही समास सोडून, विषय, संदर्भ आणि सोबत जोडलेली पत्रं ह्यांसह. मुद्दे असे. एक, नावातला शव हा शब्द आक्षेपार्ह असून खातं जिवंत आहे. मेलेलं खातं सोळा महिन्यांत इतकी पत्रं काढू शकत नाही. दोन, गैरहजेरी कमी करणं हे उद्दिष्ट होतं आणि ते साध्य झालं, कारण सूट म्हणजे गैरहजेरी नव्हे. तीन, लेखकांनी नर्सचा अभ्यास केला, मशीनचा केला, पण सूट मंजूर करणाऱ्या टेबलाचा अभ्यास केला नाही. त्या टेबलावर कुठलंही मशीन बसवलेलं नव्हतं.

तिसरा मुद्दा वाचून आम्ही चाट पडलो. अर्थशास्त्रात ह्या माणसाला एखादं पद द्यायला हवं. शिवाय बाबूंनी खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, की पहिल्या सहा महिन्यांच्या यशाला आपल्या कार्यालयाने मुळीच आडकाठी केली नव्हती. एखादी योजना पचवायला तेवढा वेळ लागतोच.

गुजरातचं प्रकरण मात्र आमच्या सदराला अडचणीचं आहे. तिथे कारखान्याच्या धुराची तपासणी करणारा तपासनीस कारखानाच निवडायचा आणि त्याची फीही कारखानाच द्यायचा. चिमणीतल्या धुळीची मर्यादा 150, आणि तपासनिसांचे आकडे नेमके त्याच्या जरा खाली येऊन थांबलेले. त्यांच्या अहवालांप्रमाणे मर्यादा ओलांडणारे कारखाने 7 टक्के होते. दुसऱ्यांकडून फेरतपासणी केली तर 59 टक्के निघाले. दुफ्लो, ग्रीनस्टोन, पांडे आणि रायन ह्या चौघांनी मग राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहकार्याने तपासनीस चिठ्ठ्या टाकून वाटले, फी सामाईक निधीतून ठरावीक दिली आणि अधूनमधून फेरतपासणी ठेवली. तेच तपासनीस खरं बोलू लागले. कारखान्यांनी धूरही कमी केला. पुढे मंडळाने चिठ्ठीची पद्धत स्वीकारलीसुद्धा. अशी दोन-चार उदाहरणं लागोपाठ आली तर उपहासाचं सदर बंद करून आम्हाला पाककृती लिहाव्या लागतील, म्हणून ह्या निबंधाला आम्ही परीक्षक नेमला नाही. आपल्याकडे 2017 मध्ये कारखान्यांना धुरासाठी एक ते पाच तारे द्यायला सुरुवात झाली, एवढी नोंद करून पुढे जाऊ.

शेवटचा गठ्ठा दिल्लीच्या ड्रायव्हिंग लायसन्सचा, 2007 चा. बर्ट्रांड, जँकोव, हॅना आणि मुल्लैनाथन ह्यांनी लायसन्स काढायला निघालेल्या 822 जणांचे तीन गट केले. एका गटाला सांगितलं, 32 दिवसांत लायसन्स आणा, 2000 रुपये बक्षीस. दुसऱ्याला गाडी शिकवायचे फुकट धडे दिले. तिसऱ्याला काहीच नाही. सरकारी खर्च 450 रुपये होता, लोकांनी सरासरी 1,120 च्या आसपास मोजले. लायसन्स मिळालेल्यांपैकी 71 टक्क्यांनी परीक्षाच दिली नव्हती, आणि लेखकांनी स्वतः परीक्षा घेतली तेव्हा 62 टक्क्यांना गाडी चालवता येत नव्हती. साहेबाला थेट पैसे जवळपास कुणी दिले नाहीत. मध्ये एजंट होता. आणि एजंट काय करू शकतो ह्याचीही लेखकांनी चाचणी घेतली. गाडी येत नाही, ही एजंटाच्या दृष्टीने अडचणच नव्हती. कागद कमी असले की मात्र तो डोकं खाजवायचा.

ह्याचा परीक्षक आरटीओच्या फाटकाबाहेर टेबल टाकून बसलेला. तो म्हणाला, "निष्कर्ष मान्य, दर जुने आहेत. पण धडे दिलेल्या पोरांची दया येते. गाडी येणाऱ्यालाही ट्रॅकवर नापास करतात, मग ती पोरं माझ्याकडेच येतात. शिकण्याचा खर्च वाया."

जाण्यापूर्वी त्याला आम्ही कौशिक बसूंविषयी विचारलं. 2011 मध्ये केंद्र सरकारचे मुख्य आर्थिक सल्लागार असताना बसूंनी सुचवलं होतं, की हक्काच्या कामासाठी नाडून घेतलेली लाच देणाऱ्याचा गुन्हा धरू नका, घेणाऱ्यालाच दुप्पट शिक्षा करा. म्हणजे देणारा उद्या बिनधास्त तक्रार करेल. त्यावर तेव्हा गहजब झाला. 2018 मध्ये कायदा बदलला तो उलट्या दिशेने. लाच देणं हा स्पष्ट गुन्हा झाला. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सुटका आहे, मात्र सात दिवसांच्या आत तक्रार करायला हवी.

एजंटाने बोटांवर हिशेब केला. लर्निंग मिळाल्यावर पक्क्या लायसन्ससाठी 30 दिवस थांबावंच लागतं, पैसे तो पहिल्याच दिवशी घेतो. म्हणजे तक्रारीची मुदत संपते तेव्हा लायसन्सला अजून 23 दिवस बाकी असतात. "तक्रार केली तर लायसन्स मिळणार नाही, लायसन्स मिळालं तर तक्रार चालणार नाही," तो म्हणाला, आणि आमच्याकडे परीक्षणाची फी मागितली. पावती मिळणार नाही, असंही त्याने आधीच सांगितलं.