वॉशरपायी पुनर्विकास

लॅपटॉपचा आवाज गेला तर आवाजाचा ड्रायव्हर पुन्हा घालायचा, एवढंच काम असतं. ती फाइल कंपनीच्या संकेतस्थळावर नसते, कारण आपलं मॉडेल तिथून केव्हाच हद्दपार झालेलं असतं. पण ती रिकव्हरी डिस्कवर असते आणि डिस्क आपल्याच कपाटात असते, विम्याच्या पावत्यांच्या पिशवीत. डिस्क घालायची, फाइल घ्यायची, पोह्यांसोबत भीमसेन ऐकायचे.

डिस्क घातली की सुबक चौकट उघडते. ‘हार्ड डिस्कवरील सर्व माहिती नष्ट होईल. पुढे जायचे?’ खाली दोन बटणं. ‘पुढे’ आणि ‘रद्द’.

तिसरं बटण नाही.

मी चौकटीचे चारही कोपरे पाहिले. ‘प्रगत पर्याय’ असा एक दुवा होता. त्यात शिरलो, तर भाषा निवडायची सोय निघाली. म्हणजे सर्व माहिती नष्ट होणार हे फ्रेंच, थाई किंवा पोर्तुगीजमध्ये वाचता येतं. पण ‘सगळं नको, फक्त तेवढा आवाज द्या’ असं म्हणायची सोय कुठल्याच भाषेत नाही.

ग्राहकसेवेला फोन केला. आधी बराच वेळ बासरी ऐकवली. (आवाज गेल्याची तक्रार करणाऱ्याला बासरी!) मग एक गोड मुलगा आला.

“सर, आपण रिकव्हरी करून घ्या.”

“त्यानं काय होईल?”

“लॅपटॉप एकदम नवा होईल, सर.”

“आणि आत्ता त्यात जे आहे ते?”

“त्याचा बॅकअप घ्यायचा, सर.”

“अहो, मला एकच फाइल हवीय. ती या डिस्कवर आहे. डिस्क माझ्या हातात आहे.”

“तसं ऑप्शन नाहीये, सर.”

आता असं बघा. स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर गेलाय. तुम्ही बिल्डरला फोन करता. तो म्हणतो, वॉशर ना, आहे की आमच्याकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात जेसीबी. इथं सही करा, इमारत पाडतो, आणि ताबा दिला त्या दिवशी जशी होती तशी बांधून देतो. वॉशरचं काय म्हणता? नव्या इमारतीत नळ असणारच, नळात वॉशर असणारच. सामान? ते तुम्ही आधी हलवायचं होतं, करारात लिहिलंय. आणि खोटं कशाला बोला, बांधून देतात. तंतोतंत. तुम्ही बसवलेलं ग्रिल नाही, माळा नाही, आईची तुळस नाही. पण भिंतीभिंतीवर बिल्डरची जाहिरात परत आलेली. खिडकीत त्यानं लावलेला धबधब्याचा फोटो परत आलेला. दाराशी तोच रखवालदार, जो पहिले साठ दिवस फुकट असतो आणि एकसष्टाव्या दिवसापासून तासातासाला बेल वाजवून ‘तुमचं घर धोक्यात आहे, पैसे भरा’ म्हणून ओरडतो. त्याला घालवायला मागे तुम्हाला वेगळा माणूस बोलवावा लागला होता, कारण नुसतं ‘जा’ म्हटल्यावर तो जात नव्हता. तोही परत. बैठकीत कॅरम मांडलेला, पहिला डाव मोफत, दुसऱ्यासाठी कार्ड नंबर द्या. लिहायचं टेबल आहे, त्याचे खण महिन्याभरानं कुलूपबंद होणार. ताबा 2010 सालचा असेल तर इमारतही 2010 चीच, पुढच्या दहा वर्षांत एकेका भोकाला मारलेलं ठिगळ तिच्यात नाही. ती ठिगळं आता एकेक करून पुन्हा मारत बसा, आणि नव्यांची वाट बघू नका, कारण विंडोज 7 साठी ती देणं सामान्य गिऱ्हाइकापुरतं 14 जानेवारी 2020 लाच थांबलं. तेवढं सगळं झाल्यावर स्वयंपाकघरात जाऊन बघावं, तर नळ छान चाललाय. आणि बिल्डरचा माणूस मोबाइल पुढे करून उभा : काका, पाच स्टार द्या ना.

बरं, ही डिस्क कंपनीनं दिली, असं मी वर सुचवलं तो माझा सभ्यपणा. कंपन्यांनी खोक्यात डिस्क घालणं केव्हाच बंद केलं. तो सगळा ऐवज त्या आपल्याच हार्ड डिस्कच्या एका लपवलेल्या भागात भरून ठेवतात. म्हणजे जागा आपली, मुक्काम त्यांचा. (320 जीबी म्हणून घेतलेली हार्ड डिस्क विंडोजमध्ये 298 दिसते, कारण विकणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज 1024 च्या. त्या बावीस जीबींबद्दल मला एक अख्खा लेख लिहायचाय, संपादक जागा देत नाहीत.) मग पहिल्याच दिवशी लॅपटॉप आपल्याला बजावतो, कोऱ्या डीव्हीडी आणा आणि तुमचा रिकव्हरी संच तुम्हीच बनवा. एका डीव्हीडीत 4.7 जीबी मावतं, म्हणून त्या तीन-चार लागतात. त्या आपल्या पैशांच्या, वीज आपली, दुपार आपली. आणि शेवटी सूचना : असा संच फक्त एकदाच बनवता येईल. का? विंडोजचा परवाना माझ्या लॅपटॉपच्या पोटाला चिकटवलाय, त्याचे पैसे किमतीत भरलेत. त्यातून ही डिस्क दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपला घातली तर बायोसमधलं नाव तपासून ती काम करायचं नाकारते. मग दुसरा संच केला तर कुणाचं काय लुटलं जाणार आहे? 2010 सालच्या लॅपटॉपचा आवाजाचा ड्रायव्हर चोरायला कुठली टोळी टपलीय? या पृथ्वीतलावर त्या फाइलची गरज असलेला एकच माणूस आहे, ज्यानं तो लॅपटॉप विकत घेतला. कुलूप त्याच्यासाठीच लावलंय. संताप येतो तो याचा.

आणि कुलूप तरी काय प्रतीचं म्हणता! माझी भाची पॉलिटेक्निकला आहे. तिनं डिस्क तिच्या कॉम्प्युटरला लावली, सुरू न करता नुसती उघडून आतल्या फाइली पाहिल्या. भल्यामोठ्या फाइली, नावं आकड्यांची आणि नावाच्या शेवटी कंपनीनं स्वतः शोधलेली तीन अक्षरं, जी कुठलाच प्रोग्राम ओळखत नाही. तिनं हेक्स एडिटरमध्ये एका फाइलचे पहिले काही बाइट पाहिले. तिथं स्वच्छ लिहिलं होतं : एमएसडब्ल्यूआयएम.

“मामा, हे नुसतं नाव बदललंय,” ती म्हणाली. “आत साधी विम फाइल आहे.”

विम म्हणजे व्हिस्टापासून विंडोजची स्वतःची स्थापना ज्या फाइलीतून होते तो प्रकार. जगजाहीर. एवढी मोठी फाइल एका डीव्हीडीत मावत नाही म्हणून तिचे तुकडे करतात. सगळ्या डिस्कवरचे तुकडे एका फोल्डरमध्ये आणायचे, नावाची शेपटं दुरुस्त करायची आणि पहिला तुकडा सेव्हन-झिपनं उघडायचा. सेव्हन-झिप फुकट मिळतं, 1999 पासून. काही कंपन्या असं न करता झिपला पासवर्ड लावतात, तिथं हे चालत नाही. माझ्या कंपनीनं तेवढेही कष्ट घेतले नव्हते.

उघडलं. अख्खी सी ड्राइव्ह समोर मांडलेली, कशालाही हात लावा. ज्याला ‘तसं ऑप्शन नाहीये’ ते एका फुकट प्रोग्रामात माउसनं ओढून बाहेर काढता येत होतं. धबधबा होता. रखवालदार होता, आपल्या बोजासह. लॅपटॉप किती पातळ आहे हे लॅपटॉप घेऊन झालेल्या माणसाला पटवणारी चित्रफीत होती. आणि ड्रायव्हरच्या फोल्डरात, कॅमेरा आणि टचपॅडच्या मधोमध, आवाज. बाहेर काढला, आयएनएफ फाइलीवर उजवी क्लिक करून ‘इन्स्टॉल’ म्हटलं, लॅपटॉप बंद करून चालू केला. भीमसेन सुरू झाले. एकही फोटो नष्ट झाला नाही, जेसीबी आला नाही.

भाचीनं परवा नवा लॅपटॉप घेतला. त्याच्या खोक्यातही डिस्क नाही. रिकव्हरीसाठी पेनड्राइव्ह लावा म्हणतो, 16 जीबीचा तरी हवा, आणि सुरुवातीलाच बजावतो की पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल. तिनं ग्राहकसेवेला विचारलं, मला तयार डिस्क मिळेल का? मिळेल ना, मॅडम, पैसे भरा, घरपोच पाठवतो. पण माझ्या लॅपटॉपला डिस्क घालायला जागाच नाही, असं ती म्हणाली. त्यावर पलीकडून, क्षणाचाही विलंब न लावता, बाहेरून जोडायच्या डीव्हीडी ड्राइव्हची किंमत सांगण्यात आली.