पात्रास नाव देणेबाबत

दिवाळी तोंडावर आली की वडशातल्या नाट्यमंडळांच्या ऑफिसांची शटरं वर जातात, रस्त्याच्या कडेला फ्लेक्स उभे राहतात आणि मंडईच्या जत्रेसाठी नाटक ठरवायला गावोगावची मंडळी मोटारसायकलींवरून येऊ लागतात. याच सुमारास चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीतला होतकरू नाटककार मोठ्या अडचणीत असतो. कथानक तयार आहे: दोन भाऊ, मधला शेताचा धुरा, थोरल्याची भोळी बायको, धाकट्याची शिकलेली, एक दारुडा, एक सावकार आणि शेवटी पोटभर रडारड. गाणीही बसली आहेत. नावं तेवढी बाकी आहेत. सदर मार्गदर्शन अशा गरजूंसाठी आहे. जंगलावर कादंबरी लिहायला पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांनीही ते वाचून घ्यावं. सफारीच्या जिप्सीत वाघ दिसेपर्यंत दुसरं काही काम नसतंच.

सर्वप्रथम पात्राचं वय ठरवावं. आजोबा असतील तर दगडू, धोंडू, कचरू, उकंडा, पाचकवडी यांतून घ्यावं. आधीची दोन-तीन लेकरं गेली असली की पुढच्याला असं नाव ठेवायचे. दगडधोंडा, केरकचरा पाहून यम पुढच्या घरी जाईल, असा हिशेब. पाचकवडी म्हणजे पाच कवड्यांना कुणाला तरी विकल्याचं दाखवून परत घेतलेलं लेकरू. विकलेल्या मालावर यमाचा दावा लागत नाही, हा कायदा त्या काळी सर्वांना पाठ होता. मात्र अलीकडे जन्मलेल्या पात्राला धोंडू म्हणू नये. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने १९८८ मध्ये गडचिरोलीतल्या गावांत मोजदाद केली, तेव्हा जन्मलेल्या दर हजार बाळांतली १२१ वर्षाच्या आत दगावत होती. गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं, बाळंतिणीच्या खाटेपाशी जाऊन नवजात बाळ जपायला शिकवलं, आणि पंधराएक वर्षांत त्या गावांतला आकडा ३० पर्यंत उतरला. यमाला फसवायचं काम आरोग्यदूताच्या पिशवीने अंगावर घेतल्यावर नावं मोकळी झाली. त्या मोकळ्या जागेत आता आर्यन आणि आरोही राहतात. त्यांची नावं टीव्हीवरून घ्यावीत, त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

मधल्या वयाचं पात्र असेल आणि नाव सुचत नसेल, तर भिंतीवरचं कॅलेंडर काढावं. सोमा, मंगरू, बुधराम, सुकरू, शनिराम. वार संपले की महिने: चैतू, जेठू, भादू, पुसू, फागू. या पद्धतीत लेखकाची बुद्धी खर्च होत नाही. फक्त गावात तीन मंगरू निघतात आणि त्यांना मोठा मंगरू, लहान मंगरू आणि चक्कीवाला मंगरू असं वेगळं करावं लागतं. तेही प्रेक्षकांना परिचयाचं आहे.

कागदोपत्री नावाचा विचारही नाटककाराने आताच करून ठेवावा. आश्रमशाळेत घालताना गुरुजींनी मंगरूचा मंगेश केला. राशनकार्डावर तो मंगलू आहे. आधारवर मंगरू आहे, पण बापाच्या जागी आजोबा लागलेला आहे. तिन्ही कागद एकाच प्लास्टिकच्या पिशवीत, एकाच माणसाच्या बगलेत असतात आणि टेबलामागचा बाबू तिघांनाही हजर राहायला सांगतो. त्यात वनहक्काचा दावा असेल तर अधिकच बहार. २००६ च्या कायद्याप्रमाणे गैरआदिवासी कुटुंबाला तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. आजोबा दाव्यात धोंडू आणि जुन्या कागदावर धोंड्या निघाला, की पहिला अंक उभा राहिला म्हणून समजावं. नाटकाला 'धोंड्या उर्फ धोंडू' असं नाव द्यावं, पुढचे अंक तहसील कार्यालयच लिहून देईल. 'उर्फ' मात्र या भागात जपून वापरावा. पोलिसांच्या प्रेसनोटीत एकेका माणसापुढे दोन-दोन, तीन-तीन उर्फ असतात, आणि त्या नाटकांचे शेवट आपल्या हातात नसतात.

आता आडनाव. इथे घाई करणाऱ्याचं नाटक पडतं.

शेवटी 'वार' आलं की माणूस चंद्रपूरकडचा, एवढं महाराष्ट्राला माहीत आहे. पण वार दिसला की पात्राला लगेच किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसवू नये. राज्याचे दुसरे मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार इथलेच. मेश्राम किंवा गेडाम हे आडनाव घेतल्यास लेखकाची सोय होते. ही आडनावं गोंडांतही आहेत, बौद्धांतही आहेत, त्यामुळे पहिल्या प्रवेशात पात्राची जात ओळखायला टपलेला प्रेक्षक दुसऱ्या अंकापर्यंत जागा राहतो. मुलचेऱ्याकडे कथा नेत असाल तर पूर्व बंगालातून येऊन वसलेल्यांच्या वस्त्या ध्यानात ठेवाव्यात. तिथे 'मंडल' हे आडनाव आहे, त्याला नाट्यमंडळ समजून सुपारी विचारू नये. सिरोंच्याला गेलात तर नावाच्या आधीच आडनाव भेटेल, दचकू नये.

सगळ्यात जोखमीचं काम म्हणजे गोंड नायक-नायिकेचं लग्न. गोंडांची कुळं देवांच्या संख्येवर वाटलेली आहेत: चार देव, पाच देव, सहा देव, सात देव. सारख्या देवांची कुळं म्हणजे भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. बाहेरच्या लेखकाला हे ठाऊक नसतं. तो मतदारयादीतून दोन गोड वाटणारी आडनावं उचलतो, मोहाच्या झाडाखाली दोघांना भेटवतो, आणि तिसऱ्या अंकात मांडव घालतो. समोर बसलेल्या म्हाताऱ्या बायांनी पहिल्याच प्रवेशात बोटांवर देव मोजलेले असतात. त्यांच्या दृष्टीने हे सख्ख्या भावाबहिणीचं लग्न चाललेलं असतं आणि लेखक वरून तुतारी वाजवत असतो. उपाय सोपा आहे. आडनाव ठेवण्यापूर्वी गावातल्या एखाद्या भुमकाला, म्हणजे पुजाऱ्याला, किंवा कुणाच्याही आजीला विचारावं. ग्रंथालयात जाऊ नये, आजी जवळ पडते.

पण हा धोका पत्करायला मुळात आडनाव द्यावं लागतं, आणि कादंबरीकार नेमकं तेच टाळतात. त्यांची पात्रयादी पाहावी: डॉ. अनिरुद्ध सरदेशमुख, त्यांची विरक्त पत्नी मैथिली, रेंजर कुलकर्णी, पत्रकार समर राजाध्यक्ष आणि बुधराम. हा बुधराम अडीचशे पानं सामान उचलतो, वाट दाखवतो, कोणत्या पानावर कोणाचा पंजा उमटला ते सांगतो, एखादं गूढ वाक्य बोलतो आणि शेवटाकडे सरदेशमुखांना जीवनाचा अर्थ कळावा म्हणून मरतो. आडनाव नाही. तलाठ्याकडे बुधरामला आडनाव असतं, मतदारयादीत असतं, सरपण आणताना फॉरेस्ट गार्डाने फाडलेल्या कागदावर तर वडिलांच्या नावासकट असतं. फक्त कादंबरीत नसतं. तरी कृपया उसेंडी, हिचामी, पुंगाटी, नरोटे, पोटावी, आत्राम, मडावी यांपैकी एक द्यावं. पानं वाढत नाहीत, कागदाचा खर्चही तेवढाच येतो. बुधरामच्या मुलीला 'अरण्या' म्हणण्याचा मोहही आवरावा. या दोन्ही जिल्ह्यांत अरण्या हे नाव रिसॉर्टला शोभतं.

नाव कुठून घ्यावं याचे धडे शेतातही मिळतात. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या धानाच्या बांधीत वेगळ्या दिसलेल्या लोंब्या राखून ठेवल्या, पेरून पाहिल्या, आणि त्यातून एक बारीक तांदूळ उभा केला. त्या वेळी मनगटावर एचएमटीचं घड्याळ असणं म्हणजे चैन होती. धानालाही नाव पडलं एचएमटी. बियाणं दूरदूर गेलं. पुढे कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही एचएमटी' म्हणून वाण काढला, म्हणजे आपली तीन अक्षरं पुढे लावली. दादाजींचं एकही अक्षर त्यात नव्हतं. आणखी एका वाणाला दादाजींनी डीआरके म्हटलं: दादाजी रामाजी खोब्रागडे. लेखकांनी यावरून काय तो बोध घ्यावा आणि हस्तलिखिताच्या पहिल्याच पानावर आपलं नाव ठळक लिहावं.

ताडोब्यात नावं देण्याचं काम गाइड आणि पर्यटक करतात आणि ते नाटककारांपेक्षा वेगाने करतात. माया, तारा, मटकासूर, गब्बर, वाघडोह. यातला वाघडोह एका जागेच्या नावावरून आलेला, गब्बर सिनेमातून. माया २०२३ मध्ये दिसेनाशी झाली तर घरचं माणूस हरवावं तशी चौकशी झाली, कारण तिला नाव होतं. वडशाच्या जंगलात २०२२ च्या ऑक्टोबरात जेरबंद केलेल्या वाघाने १३ माणसं मारली होती. त्याचं नाव सीटी-१. झाडीत वाघाने गावातली बाई नेली की त्या वाघाला कुणी बारसं करत नाही. म्हणून नियम असा: ज्या वाघाचा फोटो काढायचा त्याला नाव, ज्याच्या भीतीने मोहफूल वेचायला जाता येत नाही त्याला क्रमांक. नाटकात वाघ आणू नये हे उत्तम. कातडं पांघरलेला नट मंडपातल्या कुत्र्यांना आवरत नाही.

ऐतिहासिक नाटकात नावांचा प्रश्न नसतो. बाबुराव शेडमाके हे नाव बदलायला कुणी सांगणार नाही. १८५८ मध्ये चांद्याच्या तुरुंगात फाशी गेलेल्या त्या माणसाच्या नावाने आजही मंडपात उभं राहून जय म्हणतात. चंद्रपूर वसवणाऱ्या राजाचं नाव इतिहासाने खांडक्या बल्लाळशाह ठेवलं आहे. अंगावरच्या खांडकांवरून राजाला नाव देण्याची छाती आपल्यापैकी कुणाची नाही, तेव्हा इतिहासाला इतिहासाचं काम करू द्यावं.

राहता राहिला खलनायक, आणि तो सर्वांत शेवटी घेण्याचं कारण असं की त्याचं नाव नाटककाराने ठरवायचंच नसतं. ते हस्तपत्रिकेवरून ठरतं. नाटकाच्या हस्तपत्रिकेवर नटांपेक्षा पाहुणे जास्त असतात: उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलक, विशेष अतिथी. म्हणजे सरपंच, माजी सरपंच, भावी सरपंच, पोलीस पाटील, तंटामुक्तीचे अध्यक्ष, सोसायटीचे सभापती आणि एक राशन दुकानदार. भाषणं संपून पडदा वर जायला अकरा वाजतात आणि ही सगळी मंडळी पुढच्या सोफ्यावर शाली पांघरून बसलेली असतात. रात्री दोनच्या सुमारास स्टेजवर विधवेची जमीन बळकावली जाते आणि ती छाती पिटून हाक मारते, "वामनराव, तुझं वाटोळं होईल!" अशा वेळी सोफ्यावर एक वामनराव निघाला, तर अख्खा मंडप स्टेज सोडून त्याच्याकडे पाहतो. पुढल्या वर्षी त्या गावात नाटक दुसऱ्या कंपनीचं असतं. आणि आज हे गाव, उद्या ते, असं होळीपर्यंत फिरायचं असल्याने प्रत्येक गावची यादी आगाऊ मिळवणं अशक्य. शहाणे लेखक म्हणून खलनायकाला नुसतं 'मालक' ठेवतात, किंवा थेट इनामदार, सरनोबत, निंबाळकर असं काही पश्चिमेकडून आणतात. इतकी वर्षं विदर्भाचा अनुशेष थकला आहे, निदान खलनायक तरी तिकडून यावेत.

नाव हाकेला पेलतं की नाही तेही पाहावं. वरून टांगलेल्या माइकखाली उभं राहून हजारो लोकांपुढे मारायची हाक आहे. शेवट दीर्घ असावा, जोडाक्षर नसावं, 'ळ' शक्यतो टाळावा. नायिकेचं नाव कमळा ठेवलंत तर झाडीतला नट प्राण ओतून "कमराऽऽ" म्हणेल आणि नागपूरहून आलेला पाहुणा लॉजची चौकशी चाललीय असं समजेल.

इतकं सगळं पाळून ठेवलेली नावं साधारण तिसऱ्या अंकापर्यंत टिकतात. मग विनोदी नट प्रवेश करतो. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे या विनोदी नटाला २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हापासून या खात्याला लेखकाने काही सांगण्याची सोय उरलेली नाही. विनोदी नट चहा पिताना कोण कुठे बसलंय हे विंगेतून पाहून घेतो, तुमच्या नायकाला पोलीस पाटलाच्या नावाने हाक मारतो, सावकाराला सभापतींचा साळा करतो, आणि ज्यांच्या नावापासून तुम्ही चार महिने पळत होता तेच सोफ्यावरून उठून त्याच्या खिशाला शंभराची नोट लावतात. लगेच माइकवरून देणाऱ्याचं नाव, गाव आणि हुद्दा पुकारला जातो. प्रॉम्प्टरने त्या वेळी वहीचं पान उलटू नये, बोट ठेवून थांबावं.