मुलगी पाहिली झिरो माइलला

अहो, ऐकलंत का? या, जरा भिंतीजवळ या. तो दूधवाला जाऊ द्या आधी, त्याचे कान फार लांब... हं, गेला. आपल्या कोपऱ्यावरच्या काकूंच्या धाकटीचं मुलगी पाहणं झालं. आणि कुठे, तर बागेत! नागपूरला, भर झिरो माइलच्या फ्रीडम पार्कात!

मुलाच्या आईनंच ठरवलं म्हणे. "घरी पोहे-बिहे नकोत, मुलांना न्यूट्रल जागा बरी." न्यूट्रल! काकूंनी आधी नाक मुरडलं. पण काकांनी म्हटलं, बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट आहे, जाऊन या. नाहीतरी 2023 पासून आपण बायका जरा काही निघालं की नागपूर गाठतोच नं! निघाल्या बाप्पा तिघी. अन् काकू नेसल्या काय, तर पैठणी! बागेत पैठणी... जाऊ द्या, लेकीचं काम होतं.

तर काय सांगत होते? हं, पार्क. तुम्ही पाहिलाच असेल, 2021 मध्ये मेट्रो स्टेशनसोबत उघडला तो. तिथे लष्कराचा खराखुरा टी-55 रणगाडा ठेवलाय. मोठ्यांनी दोघांना म्हटलं, "जा, एक राउंड मारून या." हे निघाले ते थेट रणगाड्याकडे. मुलगा इंजिनीअर! नोकरी, पगार, आवडनिवड, काही नाही. अर्धा तास रणगाडा समजावतोय. तोफ कशी वळते, आत माणसं कशी बसतात. आपली धाकटी सगळं ऐकून घेते अन् शांतपणे विचारते, "तुम्हाला पोळ्या लाटता येतात का?" मुलगा लालबुंद! हे मला तिनंच सांगितलं, काकूंना पत्ता नाही. तुम्ही बोलाल बरं का कुठे!

पण खरी मजा झाली ती इकडे बायकांत. मुलाची मावशी आली होती. गॉगल डोक्यावर, पर्स मांडीवर. तिनं सुरू केलं, "फुटाळ्याला भेटायला हवं होतं हो. आमच्या फुटाळ्याचं म्युझिकल फाउंटन म्हणजे... रहमानचं म्युझिक, इंग्रजीत अमिताभ, हिंदीत गुलजार, मराठीत नाना पाटेकर सांगतो नागपूरचा इतिहास!" 2022 च्या ट्रायलला ही पहिल्या रांगेत होती म्हणे. मग ते प्रकरण कोर्टात गेलं नं, पार सुप्रीम कोर्टापर्यंत... 2025 च्या ऑक्टोबरमध्ये निकाल लागला, की तलाव भोसल्यांच्या काळचा, माणसानं बांधलेला, त्याला पाणथळीचा कायदा लागत नाही. मावशी ते असं सांगत होती, जसं काही वकीलपत्र हिनंच घेतलं होतं. इथवर ठीक होतं. पण मग काकूंकडे पाहून म्हणते कशी, "तुमच्या हिंगणघाटला बाई, आहे काय पाहायला?"

काकूंचा चेहरा असा उतरला! धाकटीच्या आत्यानं तर चटकन पदर तोंडाला लावला. मुलाची आई उगाच पाण्याची बाटली उघड-बंद करायला लागली. पण आपल्या काकू म्हणजे काकू. थोडं थांबल्या अन् म्हणाल्या, "इथून मेट्रोत बसलं की पुढचं स्टेशन कोणतं हो?"

"कस्तुरचंद पार्क."

"ते कस्तुरचंद कोण?"

मावशी गप्प. रोज त्या मैदानावरून जाते, सभा पाहते, 26 जानेवारीची परेड पाहते, अन् ठाऊक नाही!

"सर कस्तुरचंद डागा," काकू म्हणाल्या. "बन्सीलाल अबीरचंदाची पेढी त्यांची. अन् त्या पेढीची कापडाची मिल 1881 पासून कुठे? आमच्या हिंगणघाटात. माझे सासरे तिच्यात साच्यावर होते. आमचा कापूस साहेबाच्या काळात विलायतेपर्यंत नावाजलेला." अन् मग हळूच, अगदी लोण्यासारखं, "तुमचा जन्म कुठला, मावशी?"

"डागा हॉस्पिटल..." मावशी पुटपुटली.

"मग आमच्याच की तुम्ही!"

अहो, मुलाचे वडील इतके हसले, इतके हसले! आपल्या साळीचं तोंड असं झालेलं, अन् हे ठसका लागेस्तोवर हसताहेत. वर म्हणतात कसे, "2019 मध्ये कस्तुरचंद पार्क खोदलं तेव्हा जुन्या तोफा निघाल्या होत्या, आज आणखी एक निघाली!" मुलाच्या आईलाही हसू आवरेना. तिथेच काय ते ठरलं म्हणा नं.

परवा होकाराचा फोन आला. पण आता पुढचं ऐका. रविवारी सगळे इकडे येताहेत अन् मुलाचे वडील म्हणाले, "आम्हाला ती मिल दाखवा." काकूंच्या पोटात गोळा! दाखवायचं काय? 1974 मध्ये सरकारनं घेतली, पुढे बंदच पडली. भोंगा ऐकून किती वर्षं झाली आपल्याला! नाव तिकडे मैदानाला राहिलं, स्टेशनला लागलं, अन् इकडे ज्यांनी सूत काढलं त्यांच्या पोरांना कामासाठी बुटीबोरी... पण हे काकू काही बोलायच्या नाहीत. त्या म्हणतात, बाहेरून दाखवू, वेणेवर नेऊ, अन् जेवायला लवकर बसवू.

म्हणून तर तुम्हाला हाक मारली. सांबारवडी तुमच्याकडे दिलीय, मला विचारायला सांगितलंय. भाजी माझ्याकडे. अन् हो, मावशीही येतेय बरं का. तिच्या वाटीत तिखट जरा जास्त पडलं, तर मी काही जबाबदार नाही!