सुटसुटीत

मुलांनी समजावलं, ‘बाबा, आता अंगण, झाडलोट, गच्चीची गळती कशाला? सुटसुटीत राहा.’ म्हणून नागपूरच्या महाल भागातलं वडिलोपार्जित घर विकलं आणि चौथ्या मजल्यावर सुटसुटीत झालो.

रजिस्ट्रीच्या वेळी उमगलं, की फ्लॅट माझा, पण खालची जमीन माझी नाही. 1936 च्या कायद्याने जन्मलेल्या नागपूर सुधार प्रन्यासाने शहरात कितीतरी भूखंड तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यानेच दिले. मुदत सरली की नूतनीकरण, शिवाय दरसाल भूभाडं. इकडे फ्लॅटचा कायदा 1963 चा, त्याच्या नावातच ‘मालकी हक्काच्या सदनिका’. थोडक्यात, मी हवेचा मालक आणि मातीचा भाडेकरू. आमच्या पट्ट्याची उरली एकवीस वर्षं, मी एकोणसाठचा. आधी कोण संपतं याची चुरस आहे. पट्ट्याचं निदान नूतनीकरण तरी होतं.

खरा पेच जुन्या घरातल्या कूलरचा. लोखंडी, गंजून तांबूस झालेला, तिन्ही बाजूंना वाळ्याच्या ताट्या. मे महिन्यात खिडकीला लावला की अख्खं घर ओल्या वासाने गार व्हायचं. तो लिफ्टमध्ये मावेना, बाल्कनीत बसेना. सोसायटीचे सचिव म्हणाले, ‘भाऊ, बिल्डिंगचा लूक खराब होते न.’ शेवटी किलोच्या भावाने गेला. कबाडीवाल्याने तो ठेल्यावर चढवला, घाम पुसला आणि विचारलं, ‘काकाजी, मोठं घर घेतलं वाटते?’