इर्शाद! पण वाचणार कोण?

रील पाहून वाटतं, उर्दूचे दिवस बरे चाललेत. पाऊस, खिडकी, वाफाळता चहा आणि खाली रोमन अक्षरांत शेर. शेराखाली नाव गालिबचं. मिर्झासाहेब १५ फेब्रुवारी १८६९ ला गेले. हयातीत त्यांनी निवडून ठेवलेला उर्दू दिवाण बेताच्या आकाराचा. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र ते रोज लिहितात, आणि वृत्तात चुकतात.

या प्रेमाला भरती आली की ‘उर्दूचा वारसा नव्या पिढीपर्यंत’ अशा नावाचे सोहळे होतात. लोड-तक्के, कव्वाली, एखादा नट, बाहेर कबाबचे स्टॉल. कबाब नव्या पिढीपर्यंत व्यवस्थित पोचतात.

वारशाचं काय? तो दोन ओळींत मावतो अशी आपली समजूत. मंटो, इस्मत चुगताई, राजिंदरसिंग बेदी, कृष्ण चंदर ही मंडळी मुंबईत राहून, इथल्या लोकलचा धक्का खाऊन उर्दू गद्य लिहीत होती. लखनौच्या नवल किशोर छापखान्याने अमीर हमजाची दास्तान छापली, तीही ४६ खंडांत. शम्सुर रहमान फारुकी वर्षानुवर्षं हे खंड जमवत बसले. त्यातून २००५ साली महमूद फारुकींनी दास्तानगोई पुन्हा उभी केली, आणि मोबाइलवाली पोरं तास-दीड तास जागची हलेनात. म्हणजे ऐकायला माणसं आहेत. पण रीलला नव्वद सेकंद पुरतात, आणि ४६ खंडांचा टी-शर्ट निघत नाही.

आता खरा वारसा कोण जपतं ते सांगतो, बसून ऐका. पुण्यातला सेनापती बापट रस्ता. तिथे बालभारतीचं कार्यालय आहे, आणि तिथून उर्दू माध्यमाची पाठ्यपुस्तकं निघतात. ती मालेगाव, भिवंडी, परभणी, अकोल्यातल्या महापालिका-जिल्हा परिषदांच्या शाळांत जातात. मुलं उजवीकडून डावीकडे वाचतात आणि दहावीचा पेपरही उर्दूतून लिहितात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात पंचाहत्तर लाख लोकांनी मातृभाषा उर्दू लिहिली. उत्तर प्रदेशात एक कोटीच्या वर. तिथे १९८९ पासून उर्दू दुसरी राजभाषा आहे, पण उर्दू माध्यमाची सरकारी शाळा दुर्बीण घेऊन शोधावी लागते. तेव्हा नजाकत लखनौची असेल, हजेरीपट आमचा आहे. या हजेरीपटाच्या सत्काराला कुठला नट येत नाही. गुरुजी निवृत्त झाले की जागा भरायलाही कोणी लवकर येत नाही.

पाटीचा किस्सा तर ठाऊक असेलच. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या इमारतीवर मराठीखाली उर्दूत नाव. उर्दूचा वापर तिथे १९५६ पासूनचा. ते नाव खुपलं म्हणून प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांपासून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १५ एप्रिल २०२५ ला न्यायमूर्ती धुलिया आणि न्यायमूर्ती विनोद चंद्रन यांनी सांगितलं की भाषा म्हणजे धर्म नव्हे, आणि उर्दू याच मातीतली आहे. एवढं कळायला दिल्लीपर्यंत जावं लागलं. खरं तर औरंगाबादपर्यंत गेलं तरी भागलं असतं. शायर वली तिथला, सिराज तिथला. मौलवी अब्दुल हक यांनी अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचा संसार कित्येक वर्षं तिथेच मांडला होता.

त्याच मराठवाड्यात २०२३ साली मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. न्यायमूर्ती शिंदे समिती बसली. निजामाच्या अमलातली दप्तरं निघाली, तर त्यांत मोडीच्या जोडीला उर्दू! मग उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. पाटीवर खुपणारी लिपी प्रमाणपत्राच्या रांगेत एकदम घरची होते. माझी सरकारला नम्र सूचना आहे: गालिबच्या दिवाणात दोन-चार जातीच्या नोंदी घालाव्यात. तालुक्या-तालुक्यात उर्दूचे वर्ग निघतील.

उर्दूवाल्यांनी यावर फार खूश होऊ नये. परिसंवादात ‘हमारी तहजीब’ म्हणताना ज्यांचा कंठ दाटतो, त्यांची नातवंडं इंग्रजी शाळेत आहेत. आजोबांचं पुस्तक नातवाला अक्षरानेही लागत नाही. देशात उर्दू मातृभाषा सांगणारे २००१ मध्ये ५ कोटी १५ लाख होते, २०११ मध्ये ५ कोटी ७ लाख. लोकसंख्या वाढली, उर्दू घटली. यात शासन दोषी आहेच. पण प्रवेशअर्ज शासन भरत नाही. शिवाय राज्योराज्यीच्या अकादम्या पुस्तक छापायला मदत देतात, आणि कवी ते पुस्तक दुसऱ्या कवीला भेट देतो. दुसऱ्याकडेही भेट द्यायला स्वतःचं असतंच. गिऱ्हाईक नावाचा प्राणी या व्यवहारात कुठेच नाही. दिल्लीचं ‘खिलौना’ हे मुलांचं मासिक १९८७ साली बंद पडलं. त्यावर हळहळणारे आजही भेटतात. मुलांसाठी आज निघणाऱ्या उर्दू अंकाची वर्गणी भरलीत का, असं विचारलं की त्यांना नमाजची तरी वेळ होते, नाहीतर गाडीची.

देवनागरीत उर्दू छापली की भाषा बुडते असं म्हणणारेही आहेत. बुडत नाही. नागपुरात जन्मलेले उद्योजक संजीव सराफ यांनी २०१३ साली ‘रेख्ता’चं संकेतस्थळ काढलं. एकच गझल तिथे उर्दू, देवनागरी आणि रोमन अशा तिन्ही लिप्यांत मिळते. त्यांनी लाखाहून जास्त जुनी पुस्तकंही संगणकावर आणली. अकादम्यांनी करायचं काम प्लास्टिक फिल्मच्या कारखानदाराने केलं, याची लाज वाटायची त्यांना वाटो. पण ती लाखभर पुस्तकं उर्दू लिपीत आहेत, आणि देवनागरीच्या दारातून आलेले बहुतेक पाहुणे ओसरीवरूनच चहा घेऊन परततात.

त्यात आपण मराठी लोक पुढे. सुरेश भटांच्या पुण्याईवर गावोगावी गझलेच्या कार्यशाळा चालतात. मतला, रदीफ, काफिया तोंडपाठ. समोर अलिफ उभा केला तर मात्र काठी वाटते. सेतुमाधवराव पगडी उर्दू मुळातून वाचून आपल्याला सांगत होते. श्रीपाद जोशींनी उर्दू-मराठी शब्दकोश करून ठेवला. आपण त्यावर धूळ बसू दिली आणि ‘क्या बात है’ म्हणायला शिकलो.

‘रेख्ता’चंच ‘आमोजिश’ नावाचं संकेतस्थळ घरबसल्या लिपी शिकवतं. रोज थोडा वेळ दिला तर काही आठवड्यांत अडखळत वाचता येतं. तेव्हा वाचकहो, पुढचा शेर पाठवण्याआधी अक्षरं गिरवा. आणि तोवर निदान गालिबच्या नावावर काही खपवू नका.